एका पौंडाचा वाटा

आपलं दिवाळं निघाल्याची बातमी गेथिनने सांगितली ती रविवारी जेवताना, आणि तीही दुसऱ्यांदा ग्रेव्ही वाढून घेतल्यावर. माणसाला निर्धास्तपणा तरी किती असावा.

"मंगळवारी कोर्टात जाऊन आलो," भाजलेला बटाटा मोडत तो म्हणाला. "सगळी कर्जं सुटली बघ. व्हॅनचं, लाकडाच्या वखारीचं, कार्डांचं. व्हॅन आणि हत्यारं धंद्याची म्हणून माझ्याकडे ठेवली. वर्षभर नावाला डाग राहील, मग मोकळा."

एर्लिसने पुदिन्याच्या सॉसची वाटी त्याच्याकडे सरकवली. "आणि घराचं?"

"घराचं माझं अर्धं सुटलं. तुझ्या अर्ध्याला धक्का नाही. तू आपली भरत राहा."

टेबलाच्या टोकाशी गेथिनची आई नेस्टा बसली होती. दात नवे होते, त्यामुळे मांसाचे बारीक तुकडे करण्यात तिचा बराच वेळ जायचा. तिने सुरी खाली ठेवली. "तुझा बाप असता तर आज त्याच्या घशाखाली घास उतरला नसता."

"आई, आता दिवाळ्याला कोणी नावं ठेवत नाही."

"म्हणूनच गल्लोगल्ली निघतायत."

जेवण झाल्यावर नेस्टा काठी टेकत त्याच्यामागे दारापर्यंत गेली आणि नेहमीप्रमाणे त्याच्या कोटाच्या खिशात घडी केलेल्या नोटा सरकवल्या. "पेट्रोलला," ती कुजबुजली. एर्लिसला हे सगळं भांडी घासताना सिंकवरच्या आरशात दर रविवारी दिसायचं. पेन्शन आईचं, मुलगा आईचा, मध्ये तोंड घालणारी आपण कोण, म्हणून ती गप्प बसायची. सिंकखालच्या कपाटाला दार नव्हतं, तेही तिने सोडून दिलं होतं. अख्ख्या पंचक्रोशीला स्वयंपाकघरं बसवून देणारा गेथिन, त्याच्या स्वतःच्या घरात हे एक दार बारा वर्षं बसायचं राहिलं होतं.

आता एर्लिस आणि गेथिन हे नवरा-बायको वेगळे झालेले, तरी रविवारी एका टेबलावर कसे, असं कुणी विचारील. त्यात विचारण्यासारखं काही नाही. गेथिन तीन वर्षांपूर्वी जवळच्या स्वान्झी शहरातल्या एका केस कापणाऱ्या बाईकडे राहायला गेला. भांडणतंटा काही झाला नाही. गेथिनला भांडायचा कंटाळा आणि एर्लिसला गेथिनचा. त्या बाईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, नेस्टाचा खुबा बदललेला, म्हणून नेस्टा इथेच पुढच्या खोलीत राहिली. आई इथे, म्हणून मुलगा रविवारी जेवायला येणार. किल्ली त्याच्याकडे होतीच. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

खरी चूक वेगळीच झाली होती, आणि ती आमच्याकडे चांगली शहाणी माणसं करतात. वेगळं होताना लोक वकिलाकडे जात नाहीत. वकील पैसे घेतो. त्यापेक्षा चहा करून स्वयंपाकघरात बसायचं आणि वीस वर्षांचा संसार दोन कप संपेपर्यंत वाटून टाकायचा. टीव्ही तुझा, गाडी माझी. वर चार लोकांत मिरवायचं, 'आम्ही वकिलाला दमडी दिली नाही.' मंदीने भाव असे गडगडले होते की घर विकूनही कर्ज फिटलं नसतं. तेव्हा या दोघांनी हप्ता अर्धा-अर्धा ठरवला. दर महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या खात्यातून त्याचा अर्धा आणि हिच्या खात्यातून हिचा अर्धा बँकेत परस्पर जायचा. तीन वर्षं गेला. एर्लिसला त्याचा केवढा अभिमान होता. फक्त बँकेला कुणी विचारलं नव्हतं.

दोन महिन्यांनी हप्ता अर्धाच येतोय असं बँकेचं पत्र आलं. एर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात आचारीण, मुलांची जेवणं उरकून तिने तिथूनच फोन लावला.

"मी माझा अर्धा एकही महिना चुकवलेला नाही," ती म्हणाली.

"हो, दिसतंय मला," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पण या कर्जाला अर्धं असं नसतंच. सह्या दोघांच्या आहेत. म्हणजे सगळं कर्ज दोघांचं, आणि सगळंच्या सगळं एकेकाचंही. एकाकडून येईना की दुसऱ्याने पूर्ण भरायचं."

"अहो, पण आम्ही दोघांनी ठरवलं होतं."

"ते तुम्ही दोघांनी ठरवलं होतं, मिसेस प्रिचर्ड. आमच्याशी नाही."

"मग त्याला विचारा ना. मेलेला नाही तो. बसने अर्ध्या तासावर राहतो."

"त्यांचं दिवाळं निघालंय. आम्हाला आता त्यांच्याकडे मागता येत नाही."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. एर्लिसला रडू आलं नाही, राग आला, आणि तो गेथिनपेक्षा स्वतःचा जास्त आला. इतकी वर्षं आपण वेळेवर भरतोय म्हणून मान ताठ करून चाललो, आणि ज्याने दिवाळं काढलं तो ग्रेव्ही ओरपून मोकळा. त्या दुपारी तिने पातेली इतकी घासली की सोबतच्या बाईने ती तिच्या हातातून काढून घेतली.

थोरली बहीण माइर संध्याकाळी आली आणि कोट न काढताच सल्ला देऊन बसली. "किल्ल्या पाकिटात घाल, बँकेच्या दारातून आत सरकव आणि माझ्याकडे राहायला ये. घर त्यांचं, कर्ज त्यांचं. बस बोंबलत म्हणावं."

"किल्ल्या टाकून कर्ज सुटत नाही गं. आमच्या शाळेतल्या रीअनने टाकल्या होत्या. बँकेने घर मातीमोलाने विकून टाकलं आणि उरलेले पैसे मागत चार वर्षांनी तिच्या दारात उभी राहिली."

"मग तूही काढ दिवाळं. तो काय एकटाच शहाणा?"

"घर जाईल. नेस्टा कुठे जाईल?"

माइरने पुढच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला, म्हणजे तिच्या मते उतरवला. "ती तुझी कोण आता? नवरा गेला, सासू ठेवून घेतली. असली वाटणी कुणी ऐकली आहे का? वृद्धाश्रमात जागा मिळते."

"तिला तिथला चहा चालत नाही."

"चहासाठी कर्ज घेशील डोक्यावर?"

 माइर गेल्यावर एर्लिस बराच वेळ त्या बिनदाराच्या कपाटासमोर बसून राहिली. जिना चढताना हात कुठे लागतो, खिडकी कुठे अडकते, हे तिला डोळे मिटून माहीत होतं. नेस्टा खोकली की ती झोपेतही जागी व्हायची. हे घर तिला हवं होतं. आणि नेस्टा त्या घरात हवी होती, हे तर तिने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दिवाळ्यांची कामं पाहणाऱ्या सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. हॉपवुड नावाचे एक सर्दी झालेले गृहस्थ होते. त्यांनी आधी माफी मागितली, मग नाक शिंकरलं, मग मुद्द्यावर आले.

"तुमच्या यजमानांचा घरातला अर्धा वाटा आता आमच्याकडे आलाय. त्यांची मालमत्ता विकून घेणेकऱ्यांचं भागवायचं, हे आमचं काम. पण घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं. तेव्हा त्या वाट्याची आजची किंमत शून्य."

"मग?"

"शून्याला काही विकता येत नाही, म्हणून आम्ही एक पौंड घेतो. वर कागद करायचा खर्च. तुम्ही घेतलात तर घर पूर्ण तुमचं. नाही घेतलात तर वाटा आमच्याकडे राहील, आणि पुढे भाव चढले तर आम्ही तो मागायला येऊ."

"म्हणजे मी एकटीने कर्ज फेडत राहायचं आणि भाव चढले की अर्धं घर तुम्ही न्यायचं."

"तसंच काहीसं," हॉपवुड ओशाळून म्हणाले.

"आणि एक पौंड दिला तर कर्ज?"

"कर्ज तर तसंही सगळं तुमचंच आहे."

एर्लिसला हसू आलं. खरोखरच आलं. हॉपवुडनी कागदी रुमालांचं खोकं तिच्यापुढे केलं, त्यांना वाटलं रडतेय.

बँकेने वर्षभर नुसतं व्याज घ्यायचं कबूल केलं. शनिवारी बेकरीत उभं राहिलं तर चार पैसे आणखी आले असते. तरी दर महिन्याला मोठं भगदाड उरत होतं, कितीही आकडेमोड केली तरी बुजत नव्हतं. तिने हॉपवुडकडून आणलेला कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि तव्यावर मनुकांचे वेल्श केक टाकले. हात कामात असले की तिला विचार सुचायचा. आज तोही सुचेना.

नेस्टा काठी टेकत आली, खुर्चीवर बसली आणि चष्मा न लावताच म्हणाली, "माइरचं मी सगळं ऐकलं. ती कुजबुजली की चॅपेलच्या शेवटच्या बाकावर ऐकू जातं."

"तिचं मनावर घेऊ नका."

"घेते मी. बरोबर बोलली ती. हा कागद कसला?"

एर्लिसने सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नेस्टा ऐकत होती आणि टेबलावरच्या साखरेचे कण बोटाने गोळा करत होती.

"एक पौंड," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या मुलाच्या वाट्याचा."

"भाव पडलेत म्हणून, नेस्टा. त्याचा त्यात दोष नाही."

"दोष नाही म्हणू नकोस. सून आहेस, वकील नाहीस त्याची." नेस्टाने गोळा केलेली साखर झटकून टाकली. "सगळ्या गावाला सांगत फिरले मी, मुलाच्या घरात राहते म्हणून. मुलाच्या घरात. आणि दर रविवारी त्याच्या खिशात पैसे कोंबत होते. तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचे पैसे होते."

 तव्यावरचे केक उलटायला हवे होते, एर्लिसने ते उलटले. मग म्हातारीने आपली रविवारची पर्स उघडली. चॅपेलमध्ये प्रार्थनेच्या वेळी फिरणाऱ्या दानाच्या थाळीत टाकायला ती एक पौंडाचं नाणं वेगळं काढून ठेवायची. तेच तिने कागदावर ठेवलं.

"घे. देव एक आठवडा थांबेल."

"नेस्टा, एका पौंडाने काय होणार आहे? पुढे दर महिन्याला—"

"ते मी बोलतेच आहे. माझं भाडं ठरव."

"भाडं कसलं?"

"आई मुलाच्या घरात भाडं देत नसते. म्हणून आजवर नाही दिलं. आता घर तुझं. दुसऱ्याच्या घरात फुकट राहायची सवय नाही मला. पेन्शन आहे, खुब्याचा भत्ता आहे. पेट्रोलला जात होते तेही आहेत."

"मी काय परकी आहे का तुम्हाला?"

"परकी असतीस तर घासाघीस केली असती. सांगशील तेवढं देते. आणि हो, भाडेकरूची पहिली तक्रार लिहून घे. त्या कपाटाला दार नाही."

एर्लिस हसता हसता रडायला लागली. तिने केलेला पहिला केक नेस्टाच्या बशीत ठेवला. नेस्टाने तो तोडून पाहिला आणि थोडा कच्चा राहिलाय म्हणाली.

कागद सह्या होऊन परत यायला वेळ लागला. तो आल्यानंतरचा पहिला रविवार. ओव्हनमध्ये कोकराची मांडी होती, बटाटे होत आले होते, नेस्टा टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. बाहेर व्हॅन थांबली. नेहमीसारखी कुलपात किल्ली फिरली, दार उघडलं आणि गेथिन शीळ घालत आत आला.

"काय मस्त वास सुटलाय."

"बाहेर जा," नेस्टा म्हणाली.

"काय?"

"बाहेर जा. दार ओढून घे आणि बेल वाजव."

गेथिन हसला. त्याने एर्लिसकडे पाहिलं. एर्लिस ग्रेव्ही ढवळत होती, तिलाही हे आधी माहीत नव्हतं. "आई, माझंच घर आहे ना."

"तुझं होतं. विकलं गेलं. किती पैशाला ते विचारू नकोस, मला सांगायला लाज वाटते."

तो काही क्षण दारातच उभा राहिला. मग बाहेर गेला आणि दार हळूच ओढून घेतलं. बेल वाजली. वीस-बावीस वर्षांत त्याने ती बहुधा पहिल्यांदाच दाबली असेल.

एर्लिसने नेस्टाकडे पाहिलं. म्हातारी मान खाली घालून वाटाणे सोलत होती, पण एक शेंग तिने रिकामी झाल्यावरही हातात धरून ठेवली होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "मी भाडेकरू. दार तुझं आहे. उघडायचं की नाही ते तू बघ."

बेल पुन्हा वाजली, या वेळी जरा दबकत. एर्लिसने गॅस बारीक केला, हात पुसले आणि जाऊन दार उघडलं. गेथिन पायरीवर उभा होता, किल्ली तळहातावर धरून, पुढे करावी की खिशात घालावी ते न कळून. एर्लिसने ती उचलून एप्रनच्या खिशात टाकली.

"आत ये," ती म्हणाली. "आणि येताना व्हॅनमधून हत्यारांची पेटी घेऊन ये. माझ्या भाडेकरूची एक तक्रार आहे."