सात नंबरचं पान

आम्ही अकरा जणी शाळेत एका वर्गात होतो. शाळा सुटून चव्वेचाळीस वर्षं झाली, पण आमची वही सुटली नाही. दरवर्षी एक दोनशे पानी वही हजेरीच्या नंबराने घरोघर फिरते. प्रत्येकीने आपल्या पानावर वर्षभराची खबर लिहायची आणि वही पुढच्या नंबरला पोचवायची. आधीची पानं वाचायची नाहीत, असा नियम आहे. शेवटी वही फिरून पुन्हा एक नंबरकडे, म्हणजे आमच्या मॉनिटरकडे जाते. मग एका रविवारी दुपारी तिच्या घरी सगळ्या जमतो आणि ती सगळी पानं मोठ्याने वाचते. साठी उलटली तरी तिला मॉनिटरच म्हणतात. तीही ओ देते.

माझा नंबर आठ. सात नंबर खार. शाळेत ती खारीसारखी अंग चोरून इतकी गुपचूप बसायची की बाईंना ती आहे की नाही हे बघायला वाकावं लागायचं, म्हणून खार. यंदा वही द्यायला ती स्वतः आली. तिच्या नखांत काळं वंगण होतं.

"मी घर सोडलंय," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही अजून. पानावर लिहिलंय. तीन दिवस लागले लिहायला. एवढं एकदा सगळ्यांसमोर वाचलं गेलं ना, की मग मला लपूनछपून जगायला नको."

"वाचताना तू खोलीत असशील ना?" मी विचारलं.

"पहिल्या बाकावर," ती म्हणाली.

त्या रविवारी ती खरोखरच पुढे, मॉनिटरच्या समोरच्या खुर्चीत बसली. टेबलावर स्टीलच्या पेल्यांत चहा वाफाळत होता. मॉनिटरने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं तिचं स्वतःचं पान: मुलगा परदेशी, पगार उत्तम, दर आठवड्याला फोन. मग बेकरीवालीची नवी भट्टी. मग चार नंबर या वयात पोहायला शिकते आहे.

"बुडलीस तर वही कोण पोचवणार?" बेकरीवाली म्हणाली.

"तुझा शिळा पाव गळ्यात बांधला नाही तर नाही बुडणार."

हसत हसत आम्ही सातपर्यंत आलो.

"नंबर सात," मॉनिटर वाचू लागली. "माझी तब्येत बरी. घरी सर्व कुशल. नातवंडांत रमले आहे. इति."

खार खुर्चीतून उठली.

"हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, थोडक्यात घेतलं मी," मॉनिटर म्हणाली. "नंबर आठ..."

"थांब. दाखव वही."

मॉनिटरने वही छातीशी धरली. "हे बघ, ही वही आता आपल्या लेकीसुना वाचतात. माझ्या धाकट्या लेकीचं लग्न ठरतंय. तुझ्या भल्यासाठीच केलं मी. झाकली मूठ..."

"मूठ माझी आहे. झाकायची का उघडायची ते मी बघेन. दे इकडे."

खारीचा आवाज एवढा मोठा आम्ही शाळेतही ऐकला नव्हता. मॉनिटरने वही टेबलावर ठेवली.

पानावर दुसरा कागद चिकटवला होता. त्यावर मॉनिटरचं गोल, सुबक अक्षर. मी कडेला बोट लावून बघितलं. कणकेची खळ होती. वर्गातल्या मुलांच्या चिकटकामासाठी ती मी जन्मभर शिजवली आहे.

"ओढ टरकन," बेकरीवाली म्हणाली.

"छे. ओढलं की खालचं फाटतं." खारीने पाण्याच्या पेल्यात रुमाल भिजवून, पिळून त्या कागदावर पसरला. वर चहाचा गरम पेला ठेवला. "जुनं ठिगळ असंच निघतं. दिवसाला दहा ट्यूब सोडवते मी."

"कसल्या ट्यूब?" चार नंबरने विचारलं.

"कळेल. वाचते आहे ना."

आम्ही थांबलो. कुणी चहाला हात लावला नाही. पेला दोनदा सरकवून झाला, मग तिने नखाने कोपरा उचलला आणि कागद अख्खा निघून आला. खालची बॉलपेनची अक्षरं जशीच्या तशी होती. तिने उभ्यानेच वाचलं.

"मी नवऱ्याचं घर सोडलं. मारहाण नव्हती. 'तुला काय कळतंय' हे एकोणचाळीस वर्षं ऐकलं. चाळिसावं वर्ष ऐकायचं नव्हतं. सायकल दुरुस्तीचं दुकान भाड्याने घेतलंय, मागे राहायला खोली आहे. माझ्या वडिलांचं हेच काम होतं, हात विसरले नव्हते. मुलगा बोलत नाही. सून दर शुक्रवारी सायकल घेऊन येते. सायकलीला काही झालेलं नसतं. माझी कीव करू नये. सायकल असेल तर आणावी."

"माझ्या दोन आहेत," बेकरीवाली लगेच म्हणाली. "पाव पोचवायच्या. दोन्हींचे ब्रेक लागत नाहीत."

"उद्या आण. सकाळी आठनंतर."

"आणि लेकीच्या सासरच्यांनी विचारलं तर मी काय सांगू?" मॉनिटरचा चेहरा लाल झाला होता.

"सांग, सायकली दुरुस्त करते. चांगल्या करते."

खार वही मिटायला गेली आणि थबकली. पंक्चर शोधताना ट्यूबवरून फिरवावा तसा तिचा अंगठा पहिल्या पानावर फिरला. ते पानही जाड होतं. तिथेही दोन पदर होते. तिने मॉनिटरकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

मॉनिटर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दुसऱ्याचं मी सोडवत नाही," खार म्हणाली. तिने ओला रुमाल आणि एक गरम पेला मॉनिटरपुढे सरकवला. "तुझं तू बघ."

मॉनिटरने पेला उचलला, बराच वेळ हातात धरला, आणि चहा पिऊन टाकला.

खारीने वही आपल्या पिशवीत घातली, पान्याशेजारी.

"अगं, वही माझ्याकडे असते," मॉनिटर हळूच म्हणाली.

"पुढच्या वर्षी सातपासून सुरू होईल. तुझं पान लिहायला दुकानात ये. खुर्ची एकच आहे, पण बसायला देईन."

मग ती परत बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हं, नंबर आठ. तोंडीच सांग. आणि खरं सांग."