बिनखांबी छताखालचं जेवण

माझा नवरा आन्सेल्म त्रुबेर हा मोठा नावाजलेला वास्तुविशारद होता, आणि आमच्या घरचं धुराडं कायम तुंबलेलं असायचं. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत. त्याने चर्च बांधली, नाटकघर बांधलं, एका डचेसच्या घोड्यांसाठी तर असा तबेला बांधला की घोडे बाहेर पडायला तयार होईनात. माझ्या स्वयंपाकघराकडे बघायला मात्र त्याला उभ्या जन्मात सवड झाली नाही. "अहो, धुराने डोळे गेले माझे," म्हटलं की म्हणायचा, "फिलिबेर्त, आधी त्या धुराड्याचं प्रमाण बघ, प्रमाण!" ते बघून बघूनच डोळे गेले होते.

आमच्या ब्रेसॉल गावाला धान्याचा नवा बाजार हवा होता. आन्सेल्मने दगडी छताचा आराखडा काढला. मध्ये एकही खांब नाही, आणि कमान इतकी चपटी की कमान आहे हे तिलाच सांगावं लागेल. झालं, दिजाँहून मस्यू उव्हेलँ धावत आले. हे तिथल्या विद्वानांच्या मंडळातले. हे काम त्यांनाच हवं होतं, हे सोडलं तर त्यांचा काही स्वार्थ नव्हता. त्यांनी चोपडं छापून वाटलं की हे छत गव्हासकट आणि गव्हाच्या व्यापाऱ्यांसकट खाली येणार.

आन्सेल्मने गप्प बसायचं की नाही? पण भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "ज्या दिवशी छताखालचा आधाराचा लाकडी सांगाडा निघेल, त्या दिवशी मी छताखाली बसून जेवेन. शेवटचा घास संपायच्या आत उठलो, तर इमारत स्वतः पाडीन आणि पुन्हा कंपास हातात धरणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा घरी आला, बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवा झाला आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

सांगाड्याचं लाकूड नगराध्यक्षांच्या मेव्हण्याच्या रानातून आलं. का, ते विचारू नका. वसंतात तोडलेलं ओकचं लाकूड इतकं ओलं होतं की आमचा सुतार ब्लेझो म्हणाला, "मस्यू, याला अजून आपण झाड आहोत असंच वाटतंय."

"वजन पेललं म्हणजे झालं," आन्सेल्म म्हणाला. ब्लेझोलाही ते पटलं. त्या लाकडावर छत चढलं, जूनमध्ये मधला शेवटचा दगड बसला, आणि सांगाडा द्राक्षांची तोडणी उरकल्यावर, सेंट मार्टिनच्या सणाला काढायचं ठरलं. तोवर चुना मुरू द्यायचा.

त्या वर्षी उन्हाळा असा पेटला की कोंबड्या अंडी घालायच्या विसरल्या. अख्ख्या गावात गारवा फक्त या बाजारात. आन्सेल्म तिथेच टेबल मांडून बसायचा, मी जेवण तिथेच न्यायची. आणि मस्यू उव्हेलँ? ते रोज 'पाहणी'ला यायचे. केसांचा टोप काढून गुडघ्यावर ठेवायचे, आमचीच वाईन प्यायचे, आणि हे छत का पडणार ते आम्हालाच समजावून सांगायचे.

एकदा मी मोसमातल्या पहिल्या आलुबुखारांचा टार्ट केला. त्या धुरात केला, हे लक्षात घ्या. सुरी लावणार एवढ्यात वरून चिमूटभर चुना नेमका त्याच्यावर पडला. मी ओरडले, "कोण मेला वर नाचतोय रे?" कोणी ओ दिली नाही. उव्हेलँ टोप झटकत म्हणाले, "मादाम, ही तर सुरुवात आहे." आन्सेल्म म्हणाला, "खा गं. चुना पोटाला चांगला." आणि दोघा विद्वानांनी टार्ट फस्त केला. मी संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाही.

मग तो सण उजाडला. आन्सेल्मला बंडीची बटणं लावता येईनात. मी लावून दिली.

"तू बाहेर थांब," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? काही झालं तर..."

"इतकी वर्षं तुमचं धुराडं सोसलं. त्यात मेले नाही, तर छताने काय मरते?"

तोंडाने हे बोलले खरी. पण मला त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवायचं होतं. जाऊ नका, नाव गेलं तर जाऊ दे, असं म्हणायचं होतं. या हट्टी, फुशारक्या मारणाऱ्या माणसावर माझा जीव होता आणि त्या दिवशी मला त्याचा फार राग आला होता.

बाजारात टेबल मांडलं, वाईनमध्ये शिजवलेला कोंबडा ठेवला आणि आम्ही दोघं बसलो. गाव दाराबाहेर. मस्यू उव्हेलँ सगळ्यात पुढे, पण उंबऱ्याच्या पलीकडे. आन्सेल्मने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "आधार निघाला की छत दोन बोटं खाली बसेल. आवाज होईल. बसलं की मगच ते खरं उभं राहिलं म्हणायचं. कोणी पळू नका."

ब्लेझोने सांगाडा घट्ट धरणाऱ्या पहिल्या पाचरीवर हातोडा मारला. ती टुणकन उडाली. दुसरी त्याने नुसती हाताने ओढून काढली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सांगाडा सगळा खाली आला, आणि वरून काहीच नाही. ना आवाज, ना धूळ.

आन्सेल्म पांढराफटक पडला. "बसलं का नाही?" तो पुटपुटला. "बसायला हवं होतं. अडकलंय कुठेतरी. आता एकदम येईल." त्याने टेबलाखाली माझा हात पकडला. पण उठला नाही. चमच्याने रस्सा घेतला, निम्मा बंडीवर सांडला, उरलेला गिळला.

ब्लेझो उतरवलेल्या फळ्या उलटसुलट बघत होता. मग डोक्याला हात लावून म्हणाला, "मस्यू, हे लाकूड वाळून पार आक्रसलंय. पाचरी उन्हाळ्यातच सैल झाल्या असणार. छताला आमचा आधारच नव्हता. ते कधीच बसलंय आणि केव्हाचं आपलं आपण उभं आहे."

आधी कोणालाच उमगलं नाही. मग एकेक मान मस्यू उव्हेलँकडे वळली. ते ओठ हलवत मनातल्या मनात आपल्या पाहण्या आठवत होते. आठवता आठवता ते मटकन पायरीवर बसले.

"या की मस्यू आत!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "तुमची जागा गरम आहे अजून!" सगळा गाव खो खो हसला.

आन्सेल्म हसला नाही. डोळे भरून आले होते त्याचे. "कधी?" तो म्हणाला. "कुठल्या दिवशी? आयुष्यभर एक छत मनात धरलं मी, फिलिबेर्त. ते उभं राहिलं तेव्हा मी खालीच होतो, आणि मला पत्ता नाही."

तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी वर कोणीच नव्हतं. सगळे गवंडी खाली भिंतीला टेकून भाकर खात होते.

"अहो," मी म्हटलं, "टार्ट."

"काय टार्ट?"

"चुना पडला नव्हता का? मी ओरडले होते. तुम्ही म्हणालात, खा."

त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "चव कशी होती गं?"

"मला काय विचारता? दोन तुकडे तुम्ही खाल्लेत."

त्याने खरोखर डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. मग त्याने ताट पुढे ओढलं, कारण बोली शेवटच्या घासापर्यंतची होती. माझा हात काही त्याने सोडला नाही, त्यामुळे एकाच हाताने कोंबडा तोडत बसला, आणि संपायला संध्याकाळ झाली. कोंबड्याला अर्थात धुराचा वास होता.