बाहत्तर वेढे

माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन चोवीस दिवस झाले होते, तेव्हा मी त्यांच्या दुकानाचं शटर पहिल्यांदा उघडलं. तेही नागनाथ आला म्हणून.

नागनाथ पिंगळीच्या पलीकडे शेतातल्या वस्तीवर राहतो. सेलूत आमच्या दारात चपला काढून तो उभा राहिला. आईला म्हणाला, "काकू, मला उशिरा कळलं. लय वाईट झालं." मग म्हणाला, "मायची शेगडी झाली व्हती का वो?"

"माणूस गेलं माझं, अन् तुला शेगडीचं पडलंय," आई म्हणाली.

"तसं न्हाई काकू. शुक्रवारी ट्रॅक्टर येणार हाय. आमी दोघं ऊसतोडीला जायलोत. पाच महिने तरी. शेगडी न्हाई झाली तर मायला संगं न्यावं लागंल."

त्याची आई बायनाबाई. पाच वर्षांपूर्वी तिची नजर गेली. गेल्या साली तिला गॅसचा जाळ दिसला नाही आणि पदर पेटला. सुनेनं त्याच दिवशी सिलिंडर बाहेर काढलं आणि हंगामाला सासूला बरोबर नेलं. तिकडे फडातल्या पाचटाच्या कोपीतून बाहेर पडताना बायनाबाई पाटात पडली, मनगट मोडलं. यंदा तिनं सांगून टाकलं होतं की मेले तरी माझ्या घरात मरीन, त्या फडात मला नेऊ नका. आणि अण्णांनी तिला शब्द दिला होता, आंधळ्या माणसाला चटका न बसणारी शेगडी करून देतो म्हणून.

"उद्या बघून सांगते," मी म्हणाले. सोमवार होता.

अण्णा इलेक्ट्रिक शेगड्या करायचे. बाजारातून आणून विकायचे नाहीत, करायचे. भाजलेल्या मातीच्या चकत्या ओळखीच्या कुंभाराकडून स्वतःच्या मापानं घडवून घ्यायचे, त्यातल्या चरात नायक्रोमच्या तारेची कॉईल बसवायचे. चाळीस वर्षं. कडेला पत्र्याची पन्हळ आणि तोटी असल्याशिवाय त्यांच्या दुकानातून शेगडी बाहेर पडत नसे. आमच्याकडे नवीन चूल म्हटली की पहिल्यांदा तिच्यावर दूध उतू घालतात. सुरुवातीच्या काळात अण्णांच्या शेगड्या दुसऱ्याच दिवशी परत यायच्या. कॉईलवर दूध सांडलेलं, तार तुटलेली. दुकानातला एक मित्र म्हणाला, बायकांना सांग ना, यावर दूध उतू घालू नका. अण्णा म्हणाले, "त्यांनी काय करावं हे सांगणारा मी कोण? माझी शेगडी चुकलीय." आणि पन्हळ आली.

दुकानात सगळं जागच्या जागी होतं. बाकावर फडक्याखाली बायनाबाईची शेगडी होती, अर्धवट. मी ती बराच वेळ नुसती बघितली. वर ओतीव लोखंडाची जाड ताटली, म्हणजे कॉईलपर्यंत हात पोचणारच नाही. ताटलीला बोटभर उंच काठ, भांडं घसरू नये म्हणून. तोटी मागच्या बाजूला, बटणापासून लांब. इस्त्रीतला थर्मोस्टॅट काढून आत बसवलेला, ताटली पुरेशी तापली की टक आवाज होऊन करंट तुटावा. बटण लाकडाचं, मोठं, त्याला पक्ष्याच्या चोचीसारखं टोक, बोटांना कळेल असं.

कॉईल तेवढी नव्हती. ती भरायची राहिली होती.

मी परभणीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कॉईल भरणं मला लहानपणापासून येतं. अण्णांची वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'बायनाबाई, पिंगळी. वेढे १४०.' आणि त्याखाली एकटाच आकडा, '७२'.

एकशे चाळीसचा हिशेब मी करून पाहिला. दोनशे तीस व्होल्टला बरोबर एक हजार वॉट. बाहत्तर वेढ्यांचा हिशेब दुप्पट जात होता; तार निम्मी झाली की ताकद दुप्पट होते. अशी कॉईल आठवडाभरात जळली असती.

इथे एक सांगायला हवं. जूनमध्ये अण्णांना पक्षाघाताचा हलका झटका आला. हात सुधारला, पण डोक्यातलं काहीतरी सैल झालं. मला ते आत्याच्या नावानं हाक मारायचे. एकदा किल्ली आत ठेवून दुकानाला कुलूप लावलं. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं या आजारात, हळूहळू वाढेल. मी शनिवार-रविवार यायचे, त्यांच्याशी बोलायचे आणि आज काय काय निसटलंय ते मनात मोजत राहायचे. त्यांना ते कळत असावं. ते माझ्याशी कामाचं बोलेनासे झाले.

तो बाहत्तर मला त्यातलाच एक वाटला. शिवाय चकतीतही घोळ होता. नेहमीच्या एका चराऐवजी दोन चर शेजारशेजारून मधोमध गेले होते, म्हणजे कॉईल एका चरातून आत जाणार आणि दुसऱ्यातून बाहेर येणार. तारेची दोन टोकं बाहेर काढायला दोन भोकं पुरतात. इथे चकतीच्या बरोबर मध्ये तिसरंही होतं. बटणालाही मधल्या 'बंद'च्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा चालूच्या दोन जागा होत्या. चालूला एक जागा पुरते.

मी खिशातलं लाल पेन काढलं, पेपर तपासताना असतं ते, आणि ७२ वर रेघ मारली. अण्णांची ती चूक कुणाला दिसू नये असं वाटलं. मग तिसरं भोक भट्टीच्या मातीनं लिंपून टाकलं आणि बटणाची डावी बाजू न जोडता सोडली.

एकशे चाळीस वेढे भरले. शेवटी चिनी मातीचे मणी ओवलेली वीतभर तार आणि एक पितळी स्क्रू उरला. ते अण्णांच्या हत्यारांच्या बॅगेत टाकले. बुधवारी दुपारी शेगडीवर लिटरभर पाणी ठेवलं. अकरा मिनिटांत उकळलं. आई बघत होती.

"त्यांनी लिवलं तसंच केलंस ना?" तिनं विचारलं.

"थोडं दुरुस्त केलं."

गार झालेलं पाणी आईनं तुळशीला घातलं.

गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं पिंगळीला गेले. मांडीवर शेगडी, पायाशी अण्णांची बॅग. स्टेशनावर नागनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता. वस्ती कालव्याच्या कडेला, चार घरं. हरभऱ्याला पाणी चालू होतं, सगळीकडून मोटारींचा आवाज येत होता. दारात कोयते, पत्र्याची पेटी, ताडपत्री, पिठाचे डबे असं सामान बांधून ठेवलेलं.

बायनाबाई ओसरीवर बसली होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "बन्सीधरभाऊची लेक का? ये माय. अशी जवळ बस." तिनं माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली. "बापासारखीच कडक बोटं हायत. पोरं शिकवतीस म्हणं. मारतीस का न्हाई?"

"आता मारू देत नाहीत, मावशी."

"मंग काय शिकत असतीन," ती म्हणाली.

सून विजयमाला हसली. पण तिचं लक्ष शेगडीकडे होतं. "ताई, खरं सांगा," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "आत्याबाईला एकटं सोडून जायला माझं मन न्हाई. दूध नीट उतू गेलं तर ठीक. न्हाईतर उद्या त्यांना ट्रॅक्टरवर बसवणार मी. त्यांनी काही बी म्हणू द्या."

बायनाबाईनं ते ऐकलं होतं. "ठेव दूध," ती म्हणाली.

शेगडी पूर्वेकडे तोंड करून मांडली. विजयमालानं हळद-कुंकू लावलं, बायनाबाईनं स्वतः पातेलं ताटलीवर ठेवलं. काठ हाताला लागला तशी मान हलवली. मग बोटांनी बटणाची चोच शोधली आणि न विचारता डावीकडे फिरवली.

"उजवीकडे, मावशी," मी म्हणाले.

ती थांबली. "उजवीकडं?"

"हो. डावीकडे काही नाही."

तिनं उजवीकडे फिरवलं.

दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. दुधावर साय धरली, सुरकुतली आणि तशीच राहिली. वीस मिनिटांनी कडेला चार बुडबुडे आले. नागनाथ उठून बाहेर गेला. थर्मोस्टॅट वाजला नाही. वाजण्याइतकी ताटली तापलीच नव्हती. मी तिथे बसून सेलूच्या अकरा मिनिटांचा विचार करत होते. कॉईल तीच, दूधही त्या पाण्याएवढंच, लिटरभर.

"व्हायलंय का?" बायनाबाईनं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तिला कळलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. विजयमाला हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमचं लुगडं बांधून ठेवते मी गाठोड्यात."

तेव्हा बायनाबाई माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "माय, राग येऊ देऊ नको. तुजे वडील म्हणले व्हते, दिवसा डावीकडं, अन् मोटारी बंद झाल्या की उजवीकडं. लाकडाचं बटण घेऊन आल्ते. माझ्याकडून धा बारी फिरवून घेतलं. आता दिवस हाय. मोटारी चालू हायत."

"कधी आले होते?"

"गणपतीच्या आधी. पाऊस लांबला व्हता, मोटारी चालू व्हत्या. सकाळी आले ते सांजच्या गाडीनं गेले. भिंतीतल्या पिनात त्यांचं ते मीटर लावून दिवसभर बसून ऱ्हायले. मी म्हणलं भाऊ, काय बघायलाव? म्हणले, बायनाबाई, तुमच्याकडं दिवसा अर्धाच करंट येतोय. शेगडीला दोन जीव पायजेत."

मी अण्णांची बॅग उघडली. मीटर लावला. दोनशे तीस हा आकडा मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. मीटरवर १६४ होते.

सगळ्या मोटारी एकाच लाईनवर चालू असताना विजेचा दाब इतका उतरला की शेगडीची ताकद निम्म्यावर येते. ती परत मिळवायची तर कॉईल निम्मी करायची. बाहत्तर. आणि मोटारी थांबून दाब चढला की पुन्हा एकशे चाळीस, नाहीतर तार जळेल. दोन चर शेजारशेजारून का नेले होते तेही आता दिसलं. निम्मी कॉईल चालली तरी सगळी ताटली सारखी तापावी म्हणून.

पिन काढली, ताटली गार होईपर्यंत थांबले. मग शेगडी उलटी केली आणि माझ्याच हातानं लिंपलेलं ते तिसरं भोक स्क्रू-ड्रायव्हरनं उकरू लागले. माती चांगली बसली होती. विजयमाला विळी घेऊन आली, "हिच्या टोकानं बघा," म्हणाली. शेवटी ढेकूळ निघालं. ताटली उचलून पाहिलं, तर कॉईल जिथे एका चरातून दुसऱ्या चरात वळत होती, तिथे बरोबर खाली ते भोक होतं. मी बाहेरच्या टोकापासून वेढे मोजले. वळणावर आले तेव्हा एकाहत्तर झाले होते. पुढचा भोकावर होता.

बॅगेतली मणी ओवलेली तार काढली. लांबी आधीच मापून कापलेली होती. पितळी स्क्रू त्याच भोकाचा होता. त्यांनी सगळं तयार करून ठेवलं होतं, जोडायचं तेवढं राहिलं होतं. मधल्या भोकातून तार काढून मी ती बटणाच्या डाव्या बाजूला जोडली.

"झालं का गं?" बायनाबाई म्हणाली.

"झालं, मावशी. आता तुम्ही म्हणाल तिकडे फिरवा."

तिनं डावीकडे फिरवलं.

नागनाथ दारात येऊन उभा राहिला. बायनाबाईचा कान शेगडीकडे होता. काही मिनिटांनी आतून टक असा आवाज आला, स्वच्छ, आणि थोड्या वेळानं पुन्हा टक. बायनाबाईनं एक बोट वर केलं. दुधाची साय मधून फुगली, फाटली आणि फेस काठावरून खाली आला. ताटलीवर चरचरला, पन्हळीत उतरला, मागच्या तोटीतून जमिनीवर सांडू लागला. वाटी ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"करपल्याचा वास यायलाय," बायनाबाई म्हणाली. "म्हणजे गेलं उतू." तिनं बटण मधे आणलं आणि हात जोडले. शेगडीला का अण्णांना ते मी विचारलं नाही.

विजयमालानं डोळे पुसले आणि लगेच गाठोड्याकडे गेली. लुगडं परत काढून वलणीवर टाकलं.

मोटारी बंद होईपर्यंत मी थांबले. उजवी बाजू पाहायची होती. सांजच्याला आवाज थांबले, मीटर २३६ वर गेला. बायनाबाईनं माझ्यासाठी चहा केला, एकटीनं, कुणाला हात लावू न देता. साखर जास्त पडली होती.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवरच होती.

"तापली का?"

"उतू गेलं दूध."

"मंग?" ती माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली. "अशी का दिसायलीस?"

"आई, अण्णा गणपतीच्या आधी पिंगळीला गेले होते?"

"गेलते की. मी नको म्हणत व्हते, रस्ता चुकतील म्हणून. तुला सांगू नको म्हणले. म्हणले, ती लगेच डॉक्टरला फोन करंल." आईनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "न्हाई चुकले. सांजच्याला बरोबर घरी आले."

मी जेवले नाही. दुकानात जाऊन वही उघडली. लाल रेघ पुसली जात नाही, खरवडली तर कागद फाटला असता. ती तशीच ठेवली. ७२ च्या पुढे पेन्सिलीनं लिहिलं, 'दिवसा', आणि १४० च्या पुढे, 'रात्री'. मग फडकं घडी करून बाकावर ठेवलं आणि शटर ओढलं. किल्ली हातात आहे का ते आधी बघून.