गज परत कसा येणार?

रेकॉर्डिंग चालू असलं की स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागतो. तेवढा वेळ चेन्नईतल्या आमच्या वडपळनीत कुणी दार उघडत नाही. त्या दिवशी दिवा लागलेला असताना लूर्दम्माळ अक्कांनी दार उघडलं. सकाळी अमलाला छातीच्या तपासणीसाठी त्याच घेऊन गेल्या होत्या. त्या बोलायच्या आधीच मला कळलं, अमला गेली.

अमला माझी बायको. ती आणि अक्का सिनेमाच्या वाद्यवृंदात शेजारी बसून व्हायोलिन वाजवत. मी मात्र संगणकातली व्हायोलिनं वाजवणारा. अमला म्हणायची, "तुमच्या डब्यातल्या बायकांना जेवण नको, रिक्षा नको. नवरे तरी आहेत का त्यांना?"

आमच्या बेनिटाच्या लग्नासाठी तिनं एक धून बांधली होती. नवरी चर्चमध्ये शिरताना वाजवायची. दोघींनी घरी तालीमही सुरू केली होती, वाद्यवृंदातल्या बाकीच्या मैत्रिणींना नंतर बोलावणार होत्या. आता अमला नाही, मैत्रिणी पांगल्या आणि अक्कांचा खांदा धरलेला.

बेनिटा म्हणाली, "अप्पा, अम्माची धून नसेल तर काहीच वाजवू नका. मी तशीच चालत येईन."

म्हणून मी संगणकावर बसलो. त्याला जोडलेल्या पेटीसारख्या कीबोर्डच्या डाव्या टोकाच्या काही पट्ट्यांमधून सूर निघत नाही. व्हायोलिनचा गज कसा चालवायचा, ते त्या दाबून सांगायचं: लांब, तुटक, उडता, जोर देऊन. मी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जोर दिला. सूर सगळे बरोबर आले, पण ती अमलाची धून वाटेना. नाताळ होऊन गेला होता, लग्न जानेवारीत, पोंगलनंतर लगेच होतं.

शेवटी अक्कांना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि कॉफी खाली ठेवली.

"दुरै, तुझ्या बायकांना हात किती रे?"

"दोनच, अक्का."

"हा सूर जोरात खाली ओढलास, पुढचाही जोरात खाली. मधे गज परत कसा येणार? विमानानं?"

त्यांनी दुखरा खांदा सांभाळत आपली छत्री गजासारखी आडवी धरली.

"हा सूर अमला वर ढकलायची. जोर असायचाच, पण ढकलताना. म्हणून तो आपटत नाही. या सुराला वेदीची पायरी येते ना, तिथं बेनिटा पाय उचलेल."

मी आधीचा सूर लांब ओढला, पुढच्याला गज वर नेणारी पट्टी दिली, जोर थोडा उतरवला आणि पुन्हा लावलं. अक्कांची छत्री सुराबरोबर हलत होती.

बेनिटा स्वयंपाकघरातून आली. हाताला इडलीचं पीठ तसंच होतं.

"अप्पा, कुणी वाजवलं हे?"

"लूर्दक्कांनी. छत्रीवर."

ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "पुन्हा लावा."

त्यानंतर अक्का रोज येतात. त्या छत्री ओढतात, मी पट्ट्या दाबतो. धून लग्नापर्यंत होईल, असं आता वाटतं. शेवटच्या ओळीत अमला गज खाली ओढायची की वर ढकलायची, ते अक्कांना आठवत नाही. दर वेळी वेगळं करायची म्हणतात. ती ओळ अजून व्हायची आहे.