सुपाखालचा चमचा

“वैनी, अव्वाला गप बसवू नका. पस्तावाल,” माहेरपण आटोपून निघताना नणंद सिद्धेश्वरी उंबऱ्यातच म्हणाली होती. शिवलीलेनं ते कानाआड केलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला हिनं काय शिकवायचं?

सासू निंगव्वा, घरातली अव्वा, अक्कलकोटकडची, मराठी जेमतेम. नातवाशी ती कन्नडच बोलायची. सुपाखाली चमचा लपवायचा आणि “एल्ली?” विचारायचं, म्हणजे कुठं. प्रभूनं सूप उलटं करून “इल्ली” ओरडायचं, म्हणजे इथं. दिवसभर हाच धुडगूस. पण पोरगं तीन वर्षांचं होत आलं तरी तोंडात मराठीचा शब्द नाही, आणि नर्सरीचा प्रवेश डोक्यावर. दोन भाषांनी लेकराची जीभ अडखळते, असं शिवलीलेनं कुठंसं ऐकलं होतं. तिनं सासूला बजावलं, याच्यापुढं कन्नड बंद. मग चित्रांची कार्डं आली. हे काय? आणि हे? सांग ना, बोल ना. प्रभू तोंड फिरवायचा. होते तेवढे शब्दही गेले. नवरा चिंचोळीच्या कारखान्यातून येऊन म्हणायचा, बोलंल की. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी ती त्याला स्पीच थेरपिस्टकडं घेऊन गेली. कान ठणठणीत, बाई म्हणाल्या. परीक्षा घेणं थांबवा, घरात जी भाषा असेल तिच्यात खेळा. येताना रिक्षात शिवलीला नुसती चरफडत होती. कार्डांवर, नवऱ्यावर, सगळ्यात जास्त स्वतःवर.

त्या दिवसापासून तीच फरशीवर सूप मांडून बसू लागली. मोडक्या कन्नडमध्ये विचारायची, विचारून थकायची, पुन्हा विचारायची. एका सकाळी प्रभूनं सूप उलटं केलं.

“आई, इल्ली.”

आणि चमचा घेऊन तो थेट आजीकडं धावला. निंगव्वा शेंगा फोडत होती. तिनं त्याचा गाल कुरवाळला, ओठ हलले. पण नजर सुनेकडं गेली आणि ओठ मिटले.

“अव्वा, बोला की त्याच्याशी. कन्नडच बोला.”

“आता न्हाय जमत, बाई. सवय मोडली.” तिनं पुढची शेंग उचलली.

प्रभू हल्ली दोन्ही भाषांत बडबडतो. गल्लीतल्या आया खेळ विचारायला येतात. शिवलीला सगळं दाखवते, समजावते, आणि निघताना प्रत्येकीला दारात थांबवते.

“तुमच्या घरात आधी बोलणारं नि आता गप झालेलं कुणी आहे का? आज तेवढं जाऊन बघा.”