काच मोजता येत नाही

माझी बायको दोन वर्षांपूर्वी लेकीकडे परदेशात गेली आणि तिकडेच अडकली. लेकीचं मूल जन्मापासून छातीचं नाजूक. लेक आणि जावई दोघंही दिवसभर कामाला जाणारे, मुलाजवळ सतत कुणीतरी हवं. म्हणून ही गेली. "सहा महिन्यांत तुम्हीही या," असं सांगून गेली होती.

तिकडे राहायला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा पास व्हावी लागते. एका अर्जावर तीनदाच बसता येतं. ही सात इयत्ता शिकलेली, पहिल्या फटक्यात सुटली. मी दोनदा आपटलो. पाहुणा म्हणून तरी सोडा, असा अर्ज केला, तर एवढा म्हातारा माणूस परत येईल याची खात्री काय, म्हणून तोही फेटाळला.

मला अक्षरं आली तीच बावन्नाव्या वर्षी. त्याआधी चाळीस वर्षं काच कापली, खिडक्यांना, कपाटांना, तसबिरींना बसवली. आकडे येत होते, तेवढ्यावर भागत होतं. आता सत्तरीत दुसऱ्यांची भाषा शिकायची म्हणजे दात पडल्यावर फुटाणे खायचे.

"मला इथं भांडायला कुणी नाही हो," ती फोनवर म्हणायची. "लेक ऐकून घेते आणि कामाला जाते."

तिसऱ्या खेपेला मी खालच्या मजल्यावरच्या बाईंची शिकवणी लावली. शाळेत इंग्रजी शिकवतात. वय माझ्या लेकीएवढं, जीभ मात्र सासूची.

"काका, आज नामं. काही मोजता येतात, काही येत नाहीत. आणि काही लबाड, दोन्हीकडे असतात. 'ग्लास' म्हणजे काच. ती मोजायची नाही, तिच्याआधी 'अ' लावायचा नाही. 'अ ग्लास' म्हटलं की झाला पेला."

"काच मोजायची नाही? बाई, मग जन्मभर मी केलं काय?"

"तुम्ही तावदानं मोजलीत. काच नाही."

खरं होतं ते. गोदामात माल उतरला की आम्हीही नुसतं "काच आली" म्हणायचो. मोजणी सुरू व्हायची ती कापल्यावर.

"आता 'हेअर'," बाई म्हणाल्या. "डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर'. मोजायचे नाहीत. ताटात एक सापडला, तर 'अ हेअर'."

"माझ्या डोक्यावरचे मोजले तर चालेल?"

"चालेल. पण तेवढं सोपं परीक्षेत विचारत नाहीत."

पेपर, लाइट, रूम, टाइम... बाई सांगत गेल्या आणि मला गंमत वाटली. हे माझ्याच धंद्यातलं होतं. अख्खा माल एकीकडे, कापलेला तुकडा दुसरीकडे. तसं मी बोलून दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "हे उद्या वर्गात सांगते. नाव मात्र तुमचं घेणार नाही." सगळ्या पुस्तकात मला नीट कळलेला धडा तो एकच. आठवडाभर मी भांडी घासतानाही शब्द घोकत होतो.

परीक्षेला टेबलावर पेन्सिल आणि खोडरबर ठेवलं होतं. तोच प्रश्न आला, दहा वाक्यांचा. गाळलेल्या जागी 'अ' हवा तर भरा, नको तर रेघ मारा. चौथं वाक्य, तिचे केस लांब आहेत. मी 'अ' लिहिला आणि पेन्सिल उचलता उचलताच कळलं की चुकलं. वाक्यातल्या बाईच्या डोक्यावर मी एकच केस ठेवला होता.

खोडरबर उचललं. अक्षरावर टेकवलंही. हात पुढे सरकेना.

आमच्या धंद्यात काच कापायची हिरकणी काचेवर एकदाच ओढतात. रेघ वाकडी गेलीय असं दिसलं तरी तिच्यावरून पुन्हा फिरवायची नाही. फिरवली, की काच भलतीकडेच तडकते आणि हिरकणी बोथट होते. उस्तादाने पहिल्याच वर्षी बोटांवर पट्टी मारून हे शिकवलं. चुकलेली रेघ तशीच तोडायची, तुकडा बाजूला टाकायचा, नवीन घ्यायचा. इथे नवीन काही मिळणार नव्हतं. ते मला माहीत होतं, हाताला नव्हतं.

पुढे आणखी दोन वाक्यं तशीच चुकली. दोन्ही कळली. वीस मिनिटं उरली होती. मी हातांची घडी घालून बसून राहिलो.

महिन्याने निकाल लागला. परीक्षेच्या कचेरीत खिडकीतली पोरगी म्हणाली, "अठ्ठावन्न. साठ लागतात."

"आता पुढे?"

"आता पाच वर्षांनी नवीन अर्ज करता येईल." बोलता बोलता तिची नजर माझ्या जन्मतारखेवर गेली. मग तिने कागद उलटा ठेवला. "आजोबा, पाणी देऊ का?"

बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "खोडरबर दिलं होतं ना?"

"होतं."

"चुका कळल्या होत्या?"

"तिन्ही कळल्या होत्या."

"मग काका? मग?"

मी उजवा हात पुढे केला. त्या हाताकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हिचा फोन आला.

"किती?"

"अठ्ठावन्न."

"मेले दोन मार्क," ती म्हणाली. मग म्हणाली, "मीच येते परत."

"पोराला कोण बघेल?"

"लेक म्हणते, नोकरी सोडते."

"सोडून खाणार काय?"

मागे मूल खोकत होतं. खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

"पाच वर्षांनी तुम्ही पंचाहत्तर."

"आणि तू एकाहत्तर."

"तोवर हा शाळेत जायला लागेल," असं म्हणाली, पण त्यापुढचं वाक्य काही तिने केलं नाही. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "अहो, कपाटातले माझे कपडे देऊन टाका कुणाला तरी. गरम कोटसुद्धा. उगाच कसर लागायची."

मी बरं म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बऱ्याच वेळाने तिकडे मूल रडायला लागलं, तेव्हा ती उठली.