केशरच्या हातची कणगी

देवानं न्हाई म्हटलं हुतं, हे मला कुणी सांगायला नको. मी तितंच उभी हुते.

मानमोडीची साथ येऊन गेली त्याला आठ वर्सं झाली हुती. माझी केशर सात वर्सांची. सकाळी उठली की ओकायची, डोकं धरून बसायची, चालताना दारू प्यायल्यागत एका अंगाला जायची. आमच्या दिग्गी गावच्या रानात हुता नव्हता तो सगळा पाला वाटून लावला. शेवटी गावचा मुख्य, म्हादू गावकर, त्यानं देवाला कौल लावला: पोरीला आगगाडीनं घाटावर, मिशनच्या डॉक्टराकडं न्यावी काय? डावं फूल पडलं. डावं म्हंजे न्हाई.

"झालं," गावकर म्हणाला. "तुळजे, पोर आता देवाची. घरी ने आन् निवांत ऱ्हा."

"निवांत? तुमची नात असती तर ऱ्हायला असता काय निवांत?"

बाईमाणसानं देवाच्या अंगणात आवाज चढवायचा नसतो म्हणे. चढला, त्याला मी काय करू?

घरी आले तर कोपऱ्यात कणग्या, लावायला राखलेले कंद. आमी रानातली माणसं, भातापेक्षा ह्या कंदांवरच जगलेली. कंदाला कीड लागली तर आमी काय करतो? किडकं तेवढं कोयत्यानं काढतो, राख लावतो आन् पुरतो. कधी कुजतो, कधी कोंब येतो. पण कीड दिसली म्हणून कंद कुणी उकिरड्यावर टाकत न्हाई. मग माझी पोर काय कंदापरीस हलकी?

केशरला कांबळ्यात पाठीशी बांधली. माझा नवरा लखू दारात आडवा आला. "देवाच्या म्होरं जाऊ नको."

"देवाच्या म्होरं न्हाई, ठेसनाकडं जाते. सर बाजूला."

कॅसलरॉकच्या ठेसनापातुर दोन दिसांची वाट. पयल्याच ओढ्यावर मागं पावलं वाजली. लखू. डोक्यावर तांदळाचं गठुडं, तोंडात मला शिव्या. पण आला.

आगगाडीनं घाटावर पोचलो. मिशनच्या गोऱ्या डॉक्टराला मराठी येत हुती. त्यानं काय लपवलं न्हाई. "डोक्यात मागच्या बाजूला गाठ आहे. भराभर वाढणारी. कापताना मुलगी जाऊ शकते. वाचली तरी गाठ परत येईल, सगळी निघणार नाही."

"आन् न कापता?"

"एक महिना."

"कापून?"

"वर्ष. नशीब असलं तर दोन."

"मग कापा की! महिना घेऊन मी काय करू?"

कागदावर बापाचा अंगठा पायजे म्हणाले. लखूनं हात मागं घेतला. मी मनगट धरलं, पण अंगठा त्यानं आपणहून दाबला.

सकाळी आत नेली ती दुपार कलल्यावर भाईर आणली. चौथ्या दिशी डोळे उघडून म्हणाली, "आये, पेज हाय?" मी पदर तोंडात कोंबून रडले.

गावात परतलो तर गावकर म्हणाला, "देवाचा शब्द मोडलास. झऱ्यावर पाऊल टाकायचं न्हाई." दुसऱ्या दिशी भर दुपारी, सगळ्या बायका पाण्याला असताना, केशरला बोटाला धरून झऱ्यावर नेली. बोडकं डोकं, मागं हा एवढा वण, पावलं तिरकी. पण आपल्या पायानं चालली माझी वाघीण! कळशी भरली. कुणाची छाती झाली न्हाई आडवायची.

वरीस झालं. दोन झाली. दर जेठात ती आपल्या हातानं कणग्या लावायची, वर आणि मलाच शिकवायची, "आये, राख कमी पडली." तिसऱ्या जेठात बसून लावल्या, उभं ऱ्हाता येत नव्हतं. भादव्यात गेली.

गावकर दारात येऊन म्हणाला, "बघ, शेवटी देवाचंच खरं झालं." मी दार लावून घेतलं.

मार्गशीर्षात तिच्या कणग्या खणल्या. सगळ्यांत मोठी उकडली आन् पानात घालून गावकराच्या वसरीवर नेली. तो जेवायलाच बसला हुता.

"ही केशरच्या हातची," मी म्हटलं. "तुमच्या कौलानं जिला महिन्यात माती दिली हुती, तिनं तीन पावसाळे कणग्या लावल्या. खावा. मी हितंच उभी हाय."

गावकरानं माझ्याकडं बघितलं, मग कणगीकडं. सोलली. मान खाली घालून सगळी खाल्ली.